लष्करी मालमोटारीवरील विंच व बंपर : इतिहास आणि जीर्णोद्धार

चिखल, वाळू, बर्फ किंवा ओढ्याचे पात्र यांत रुतलेली मालमोटार स्वतःच्या एंजिनाच्या शक्तीने बाहेर काढण्यासाठी अथवा दुसरी गाडी, तोफ वा अडथळा ओढण्यासाठी मालमोटारीवर बसविलेल्या यांत्रिक रहाटास विंच म्हणतात. पोलादी पिंप, त्यावर गुंडाळलेला तारदोर आणि पिंप फिरविणारी दंतचक्रे हे त्याचे मुख्य भाग होत. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन मालमोटारींवर विंच सामान्यतः गाडीच्या अगदी पुढे, रेडिएटर व बंपर यांच्या दरम्यान बसविलेला असे. सांगाड्याची पुढची टोके, विंच व बंपर हे तीन भाग एकमेकांवर अवलंबून असल्याने जुन्या लष्करी गाडीचा जीर्णोद्धार करताना त्यांचा विचार एकत्रितपणेच करावा लागतो. हे काम केवळ गंज काढून रंग देण्याचे नाही. मूळ गाडी कशी होती हे पुराव्यांनी ठरविणे आणि ऐंशी वर्षांपूर्वीची प्रयुक्ती आजच्या माणसाला इजा न करता पुन्हा चालती करणे, असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे.

पूर्वपीठिका : दोर पिंपावर गुंडाळून भार ओढण्याची युक्ती प्राचीन आहे. विहिरीवरील रहाट व जहाजाचा नांगर उचलण्याचा उभा रहाट ही तिची परिचित रूपे होत. स्वयंचलित वाहनाशी तिचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. इंग्लंडमधील लीड्स येथील जॉन फाउलर यांनी वाफेच्या शक्तीने नांगरणी करण्याची पद्धत विकसित केली. तीत शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या वाफेच्या एंजिनाखालील पिंपावर तारदोर गुंडाळला जाई व त्याच्या साहाय्याने नांगर शेतातून ओढला जाई. ओलसर भुसभुशीत जमिनीवर जड यंत्र फिरवण्याऐवजी ते कडेच्या घट्ट जमिनीवर उभे करून दोराने काम करवून घ्यावे, हे या पद्धतीचे तत्त्व होते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिशांनी वाहतुकीसाठी अशी वाफेची कर्षण-एंजिने नेली. त्या वेळी एंजिनावरील रहाटाचा लष्करी उपयोग ध्यानात आला.

पहिल्या महायुद्धात मालमोटारी मोठ्या संख्येने रणभूमीवर आल्या. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या अमेरिकन मालमोटारी साध्या गाड्यांपेक्षा चिखलात अधिक चालत. परंतु चाकांची पकड सुटली की त्याही हतबल होत. चाकांची ओढ जमिनीच्या पकडीपेक्षा अधिक असू शकत नाही, ही मर्यादा एंजिन कितीही मोठे केले तरी टळत नाही. दूरच्या झाडाला वा पुरलेल्या ओंडक्याला दोर बांधून गाडी ओढली, तर मात्र चाकांच्या पकडीचा प्रश्न उरत नाही. विंचच्या उपयुक्ततेचे मूळ याच साध्या गोष्टीत आहे.

दोन महायुद्धांच्या दरम्यान विंचचा विकास मुख्यतः नागरी उद्योगांत झाला. तेलविहिरींवर लांब नळ व जड यंत्रसामग्री हलविण्यासाठी मालमोटारीवरील विंच अत्यावश्यक ठरला. डॉज मालमोटारींना विंच पुरविणारी ब्रेडन ही कंपनी ओक्लाहोमा राज्यातील टल्सा या तेलउद्योगाच्या केंद्रातील होती. डेट्रॉइटचे गारफील्ड वुड हे मालमोटारीचा हौदा द्रवीय दाबाने उचलण्याच्या प्रयुक्तीमुळे आणि वेगवान मोटारबोटींच्या शर्यतींमुळे प्रसिद्धीस आले. त्यांच्या नावाच्या कंपनीचे विंच युद्धकाळात अडीच टनी लष्करी मालमोटारींवर बसविले गेले. हील या दुसऱ्या कंपनीनेही याच गाड्यांसाठी विंच बनविले. अशा रीतीने तेलक्षेत्रातील व बांधकामातील अनुभव सैन्याला आयता मिळाला.

अडीच टनी मालमोटार : या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जीएमसी कंपनीची सीसीकेडब्ल्यू ही सहाही चाकस्थानांना शक्ती देणारी मालमोटार होय. तिच्या नावातील पहिले अक्षर १९४१ चा अभिकल्प, दुसरे एंजिनामागे असलेली नेहमीची केबिन, तिसरे पुढील चाकांना मिळणारी शक्ती व चौथे मागील दोन्ही आसांना मिळणारी शक्ती दर्शविते. १९४१ ते १९४५ या काळात जीएमसीच्या अडीच टनी मालमोटारी सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक तयार झाल्या. त्यांचे उत्पादन मिशिगन राज्यातील पाँटिॲक येथे व मिसूरी राज्यातील सेंट लूइस येथे होत असे. तिचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन सु. ४·४ लिटर धारणेचे होते. गीअरपेटीत पाच पुढचे गीअर असून तिच्या मागील दुय्यम पेटीत दोन गती होत्या. खडबडीत भूमीवर सु. २,२७० किग्रॅ. (अडीच अमेरिकन टन) भार वाहण्याची तिची अधिकृत क्षमता होती. रस्त्यावर मात्र तिच्यावर याच्या जवळजवळ दुप्पट भार लादला जाई.

सर्व गाड्यांवर विंच नसे. विंच बसविल्याने वजन, किंमत व पोलादाचा वापर ही तिन्ही वाढत. म्हणून तुकडीतील काही गाड्यांनाच तो दिला जाई व त्या इतरांच्या मदतीस येत. विंचसाठी सांगाड्याच्या दोन्ही लांब तुळया पुढे वाढवाव्या लागत. त्यामुळे लांब आसांतराची विंचयुक्त सीसीकेडब्ल्यू साध्या गाडीपेक्षा सु. ३५ सेंमी. अधिक लांब होती. पाऊण टनी डॉज गाडीच्या बाबतीत तर विंच नसलेल्या व असलेल्या गाडीला डब्ल्यूसी-५१ व डब्ल्यूसी-५२ असे वेगळे क्रमांकच देण्यात आले होते. हा भेद जीर्णोद्धाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

विंच पुढे बसविण्यात सोय होती. तो हाताशी राही, चालकाला दोर समोर दिसे व पुढील आसावर भार वाढून चाकांची पकड सुधारे. याची उणीव अशी की गाडी केवळ पुढच्या दिशेनेच ओढली जाई आणि सुकाणू जड होई. ब्रिटिशांच्या तोफा ओढणाऱ्या मॉरिस सी-८ यांसारख्या गाड्यांत विंच पुढच्या टोकाला न बसविता मागे सांगाड्यात बसविलेला असे. मागची तोफ ओढून घेण्यास ती रचना सोयीची असली, तरी दुरुस्तीस अवघड होती.

सोव्हिएट रशियाला युद्धकाळातील मदत-करारान्वये पुरविलेल्या स्टुडबेकर यूएस-६ या त्याच वर्गातील गाड्यांपैकीही काहींवर पुढील विंच होता. युद्धानंतर रशियात बनलेल्या झेडआयएल-१५७ यांसारख्या मालमोटारींतही पुढे विंच बसविण्याची पद्धत टिकून राहिली.

रचना व कार्य : विंचला स्वतंत्र एंजिन नसते. गीअरपेटीच्या बाजूला असलेल्या झरोक्यावर एक लहान दंतचक्रपेटी बसवून तेथून शक्ती घेतली जाते. केबिनमधील दांडीने ही पेटी जोडता वा सोडता येते. तिच्यातून निघणारा लांब दंड एंजिनाच्या बगलेने पुढे जातो व सार्वत्रिक सांध्यांद्वारे विंचच्या वर्म दंडाला जोडला जातो. वर्म म्हणजे मळसूत्राप्रमाणे आटे असलेला पोलादी दंड. तो आपल्याशी काटकोनात असलेल्या काशाच्या दंतचक्राला फिरवितो. वर्म अनेक फेरे फिरतो तेव्हा दंतचक्राचा एक फेरा पूर्ण होतो. त्यामुळे गती पुष्कळ कमी होऊन ओढण्याची क्षमता त्या प्रमाणात वाढते. दंतचक्राचा दंड पिंपाच्या मधून जातो. दंड व पिंप एकमेकांना घट्ट जोडलेले नसून दात असलेला सरकता क्लच गुंतविल्यावरच पिंप फिरते. क्लच सोडला म्हणजे दोर हाताने ओढून झाडापर्यंत नेता येतो.

या रचनेत दोन गतिरोधक असतात. दोर हाताने ओढताना पिंप अनावर फिरून दोराचा गुंता होऊ नये म्हणून पिंपावर घासणारा एक लहान रोधक असतो. दुसरा पट्ट्याचा रोधक वर्म दंडावर असतो. वर्मची उलट दिशेने फिरण्याची प्रवृत्ती अल्प असते. तथापि झिजलेले व कंप पावणारे वर्म भाराखाली हळूहळू मागे सरकू शकते. एंजिनाची शक्ती तुटताच हा पट्टा भार जागच्या जागी धरून ठेवतो.

शिअर पिन : शक्ती आणणारा दंड व वर्म यांच्या सांध्यात आरपार बसविलेली एक लहान खीळ हा संपूर्ण विंचचा सर्वांत कमजोर व म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा भाग होय. तिला शिअर पिन म्हणतात. भार ठराविक मर्यादेबाहेर गेला की ही खीळ कापली जाते, दंड मोकळा फिरू लागतो आणि वर्मवरील रोधक भार धरून ठेवतो. खीळ तुटली नाही, तर तिच्या जागी दंतचक्राचे दात, पिंपाचा दंड, सांगाड्याचे टोक किंवा तारदोर तुटतो. ताणलेल्या तारदोरात फार मोठी ऊर्जा साठलेली असते; तो तुटला की चाबकासारखा मागे येतो व वाटेतील माणसाला ठार करू शकतो. खीळ कोणत्या धातूची व किती जाडीची असावी, हे विंचच्या प्रकारानुसार ठरलेले असे. लष्करी पुस्तिकांत तिच्याऐवजी दुसरे काही वापरू नये, असा कडक इशारा दिला जाई व राखीव खिळा गाडीबरोबर ठेवल्या जात. तरीही वारंवार तुटणाऱ्या खिळीला कंटाळून तिच्या जागी कठीण पोलादाचा बोल्ट ठोकण्याचा मोह युद्धकाळापासून आजपर्यंत अनेकांना झाला आहे. जुन्या विंचमध्ये असा बोल्ट आढळला, तर आतील दात, दंड व सांधे यांवर मर्यादेबाहेरचा भार येऊन गेला असावा, असे समजून प्रत्येक भाग तपासणे इष्ट ठरते.

कर्षणक्षमता : सीसीकेडब्ल्यूवरील विंचची ठरीव क्षमता १०,००० पौंड म्हणजे सु. ४,५०० किग्रॅ. होती. ही क्षमता पिंपावर दोराचा एकच थर असताना मिळते. थर वाढत जातात तसतशी पिंपाची परिणामी त्रिज्या वाढते व तेवढ्याच परिबलाने मिळणारी ओढ घटते. उदाहरणार्थ, पिंपाची त्रिज्या ५ सेंमी. व दोराचा व्यास १·२५ सेंमी. मानला, तर पहिल्या थराच्या मध्यापर्यंतची त्रिज्या ५·६२५ सेंमी. व चौथ्या थराची ९·३७५ सेंमी. होते. पहिल्या थरावर ४,५०० किग्रॅ. ओढ मिळत असेल, तर चौथ्या थरावर ती २,७०० किग्रॅ. भरते. म्हणून जड ओढीसाठी जवळचे झाड सोडून दूरचे झाड निवडणे व अधिकाधिक दोर सोडणे हे जाणत्या चालकाचे लक्षण मानले जाई. याहून अधिक ओढ हवी असल्यास झाडाला कप्पी बांधून तिच्यातून दोर परत गाडीच्या सांगाड्याला अडकविला जाई. त्यामुळे घर्षणाचा अल्प व्यय वजा जाता ओढ जवळजवळ दुप्पट व गती निम्मी होते. मात्र पिंपावर दोराचे काही फेरे नेहमी शिल्लक ठेवावे लागतात. कारण दोराचे टोक पिंपाला ज्या स्क्रूने बांधलेले असते, त्याच्यात भार सोसण्याची शक्ती नसते. भार धरतात ते फेऱ्यांमधील घर्षणाने.

युद्धातील उपयोग : फ्रान्समध्ये २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात चाललेल्या रेड बॉल एक्सप्रेस या अखंड वाहतूक-योजनेत अडीच टनी मालमोटारींनी आघाडीकडे इंधन व दारूगोळा नेला. या योजनेतील बहुसंख्य चालक आफ्रिकी वंशाचे अमेरिकन सैनिक होते. तेथील काम मुख्यतः पक्क्या रस्त्यांवरचे होते. विंचची खरी कसोटी लागली ती रस्ताच नसलेल्या प्रदेशांत : किनाऱ्यावरील वाळूत, पॅसिफिक बेटांवरील दलदलीत आणि ब्रह्मदेशाच्या सीमेवरील जंगलांत.

या शेवटच्या प्रदेशामुळे भारताशीही या गाडीचा निकटचा संबंध आला. आसाममधील लेडो येथून उत्तर ब्रह्मदेशमार्गे चीनकडे जाणारा रस्ता अमेरिकन अभियंत्यांच्या देखरेखीखाली बांधण्यास डिसेंबर १९४२ मध्ये आरंभ झाला. पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी व गुडघाभर चिखल यांमुळे त्यावरील वाहतूक अत्यंत बिकट होती. १२ जानेवारी १९४५ रोजी लेडोहून निघालेला ११३ वाहनांचा पहिला तांडा ४ फेब्रुवारी रोजी कुनमिंग येथे पोहोचला. हा सु. १,७०० किमी.चा प्रवास मालमोटारींच्या तांत्रिक इतिहासातील एक उल्लेखनीय घटना मानला जातो.

बंपर व त्यावरील खुणा : नागरी मोटारगाडीच्या बंपरचे काम किरकोळ धक्का सोसण्याचे असते. लष्करी मालमोटारीचा बंपर जाड पोलादी पत्र्याचा, पन्हळीच्या आकाराचा व सांगाड्याच्या तुळयांना थेट जोडलेला असे. तो पुढील गाडीला ढकलण्यास उपयोगी पडे व विंचचे रक्षण करी. विंचयुक्त गाडीत वाढविलेल्या दोन तुळयांची टोके एकत्र बांधून ठेवणारी आडवी तुळई म्हणूनही तो काम करी. दोर तिरकस दिशेने ओढला की तुळयांची टोके एका बाजूला वाकण्याचा धोका असतो. बंपर सैल किंवा अशक्त असल्यास हा धोका पुष्कळ वाढतो.

बंपर हे गाडीचे ओळखपत्रही होते. अमेरिकन सैन्याच्या १९४२ च्या नियमांप्रमाणे गाडीच्या पुढील व मागील बंपरवर पांढऱ्या अक्षरांत एक संकेत रंगविला जाई. त्यात क्रमाने सेना किंवा डिव्हिजन, रेजिमेंट अथवा स्वतंत्र बटालियन, कंपनी व शेवटी त्या कंपनीतील गाडीचा क्रमांक असे. तीन हा अंक व त्यापुढे ए हे अक्षर असल्यास तिसरी सेना, अंकापुढे त्रिकोण असल्यास त्या क्रमांकाची चिलखती डिव्हिजन, असे ते वाचले जाई. एंजिनाच्या झाकणाच्या बाजूंवर नोंदणी-क्रमांक असे. अडीच टनी मालमोटारींचा हा क्रमांक चार या अंकाने सुरू होई.

बंपरवरील खुणांवर सर्वांचाच इतका विश्वास होता की त्यांचा उपयोग शत्रूला फसविण्यासाठीही करण्यात आला. तेविसावे मुख्यालय विशेष दल या नावाच्या सु. १,१०० जणांच्या अमेरिकन तुकडीने १९४४–४५ मध्ये यूरोपात हवा भरलेले खोटे रणगाडे, ध्वनिवर्धक व बनावट रेडिओ संदेश यांच्या जोडीला आपल्या मालमोटारींच्या बंपरांवर दुसऱ्याच डिव्हिजनांच्या खुणा रंगविल्या आणि त्या गाड्या गावांतून फिरविल्या. या तुकडीचे कार्य अनेक वर्षे गुप्त राहिले. तिला काँग्रेसचे सुवर्णपदक देण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला व ते मार्च २०२४ मध्ये प्रदान करण्यात आले. जुन्या बंपरवर एखादा संकेत आढळला तरी तो एकटा पुरेसा पुरावा ठरत नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.

युद्धोत्तर काळ : युद्ध संपल्यावर हजारो मालमोटारी जादा ठरल्या. काही फ्रान्ससारख्या देशांच्या सैन्यांनी पुनर्बांधणी करून पुढे बरीच वर्षे वापरल्या; अनेक नागरी वाहतुकीस विकल्या गेल्या. लाकूडतोड करणारे व बिघडलेली वाहने ओढून नेणारे यांना विंच हवा असे. अशा गाड्यांतील विंच अतिवापराने झिजले. इतर मालकांना तो निरुपयोगी ओझे वाटे. त्यांनी विंच काढून टाकले, सांगाड्याची वाढीव टोके कापली व बंपर मागे सरकवून बसविले. परिणामी आज ज्या गाड्या सापडतात, त्यांच्या पुढील भागावर सैन्यातील मूळ रचना, नंतरची दुरुस्ती व नागरी काटछाट असे तीन थर एकावर एक असतात.

जुन्या लष्करी गाड्यांच्या जतनाची संघटित चळवळ १९७० नंतरच्या दशकांत वाढली. अमेरिकेत मिलिटरी व्हेईकल प्रिझर्वेशन असोसिएशन ही संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्यूरिन सनद २०१२ मध्ये स्वीकारली. वास्तूंच्या जतनासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतील तत्त्वांचाच तीत विस्तार आहे. इतिहासाने वाहनावर उमटविलेल्या खुणांचा आदर करणे, शक्य तितकी कमी ढवळाढवळ करणे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवणे यांवर तीत भर दिलेला आहे.

जीर्णोद्धार : (१) मूळ अवस्थेचा शोध : पहिला प्रश्न या गाडीला विंच होता का, हा असतो. सांगाड्याच्या टोकांवरील छिद्रे, कापल्याच्या खुणा, गीअरपेटीवरील शक्तिग्राहक झरोका व त्याचे झाकण, केबिनच्या तळातील दांडीची फट आणि दंडाच्या आधाराची जागा हे याचे पुरावे होत. यांपैकी एखादीच खूण आढळली तर ती फसवी असू शकते. कारण गीअरपेटी नंतर बदललेली असणे शक्य असते. अनेक खुणा एकमेकींशी जुळल्यावरच निष्कर्ष काढणे योग्य ठरते. विंच नसलेल्या गाडीवर तो हौसेने बसविणे यांत्रिक दृष्ट्या अशक्य नाही. तथापि मग ती गाडी मूळची विंचयुक्त असल्याचे सांगणे खोटेपणाचे होते. असा बदल केलाच, तर तो नोंदविणे व मूळ तुळया न कापता करणे हे किमान बंधन मानले पाहिजे.

(२) विंच : काढण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे व मापे घेतली जातात. विंच काही माणसांनी मिळून उचलण्याजोगा हलका नसल्याने लहान यारीचा उपयोग करावा लागतो. दंतचक्रपेटीतील जुने तेल सर्वप्रथम तपासतात. ते दुधाळ असेल, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. काशाच्या दंतचक्राचे दात धारदार झाले आहेत का, वर्मच्या पृष्ठावर खड्डे पडले आहेत का व दंड आपल्या धारव्यांत, म्हणजे बेअरिंगांत, किती पुढेमागे हलतो, हे मोजले जाते. पिंप दंडावर गंजून घट्ट बसलेले असणे ही सर्वांत सामान्य अडचण होय. हातोड्याचे घाव घातल्यास ओतीव भाग तडकतात. म्हणून आत झिरपणारे तेल, माफक उष्णता, दाबयंत्र व पुष्कळ धीर यांचा अवलंब करावा लागतो. क्लचचे दात गोलसर झाले असतील, तर ते भाराखाली निसटतात. अशा वेळी वेल्डिंगने भर घालून ते मूळ मापाला आणतात. रोधकांच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असण्याचा संभव असतो. ती कोरडी घासणे वा हवेच्या झोताने साफ करणे धोक्याचे असते. पेटीत भरावयाचे वंगणही विचारपूर्वक निवडावे लागते. कारण आधुनिक गीअर तेलांतील काही गंधकयुक्त द्रव्ये काशावर रासायनिक परिणाम करतात.

(३) सांगाडा व बंपर : तुळयांची टोके सरळ व एकमेकींना समांतर आहेत का, हे कर्णांची मापे घेऊन ठरवितात. बोल्टांच्या छिद्रांभोवती बारीक भेगा असण्याचा संभव असतो; रंगद्रव झिरपविण्याच्या चाचणीने त्या दिसून येतात. मूळ रिबिटांच्या व बोल्टांच्या जागी सरसकट वेल्डिंग करणे टाळावे. त्याने स्वरूप बिघडते व उष्णतेमुळे तुळईत नवे ताण निर्माण होतात. बंपरचे मोठे वाक काढणे आवश्यक असते, पण प्रत्येक पोचा काढलाच पाहिजे असे नाही. ढकलण्याच्या कामात पडलेले पोचे हे त्याच्या कामाचेच अवशेष आहेत. जुना रंग यंत्राने एकदम खरवडून काढल्यास त्याखालील संकेत कायमचे नष्ट होतात. म्हणून बंपर व एंजिनाचे झाकण यांवरील रंग हाताने, ओल्या घासकागदाने, थराथराने उतरवितात. नागरी रंग, नंतरच्या सैन्याचा रंग व सर्वांत खाली चमक नसलेला मूळ हिरवट तपकिरी रंग असा क्रम उलगडत जातो आणि क्वचित पांढऱ्या अंकांच्या कडा दिसू लागतात. त्यांची छायाचित्रे व मापे घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये. जुन्या रंगांत शिसे असू शकते, त्यामुळे ओले घासणे आरोग्याच्या दृष्टीनेही हितकर असते.

(४) तारदोर व चाचणी : जुना दोर वरून चांगला दिसला तरी पुन्हा वापरीत नाहीत. तुटलेल्या तारा, चेपलेले पेड, पिळाचा फुगवटा व आतील गंज ही तो निकामी झाल्याची लक्षणे होत; शिवाय त्याने पूर्वी काय सोसले आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. नवा दोर मूळ व्यासाचा घेऊन तो ताणाखाली, फेऱ्याला फेरा लावून गुंडाळतात. अन्यथा भाराखाली वरचे फेरे खालच्या सैल थरांत रुततात. चाचणी हलक्या भारापासून टप्प्याटप्प्याने करतात व प्रत्येक टप्प्यावर एंजिनाची शक्ती तोडून रोधक भार धरतो का ते पाहतात. दोराच्या रेषेत व त्याच्या टप्प्यात कोणीही उभे राहू नये, हा नियम अनुल्लंघनीय होय.

जतनाची तत्त्वे व सुरक्षितता : संग्रहालयातील स्थिर गाडी व प्रदर्शनांत चालविली जाणारी गाडी यांची गरज भिन्न असते. पहिलीच्या बाबतीत झिजलेले मूळ भाग तसेच ठेवणे योग्य ठरते. दुसरीच्या बाबतीत दोर, रोधकांची अस्तरे व तेलबंद कडी बदलल्याशिवाय गत्यंतर नसते. बदललेले मूळ भाग टाकून न देता नोंदीसह जपून ठेवल्यास दोन्ही हेतू बऱ्याच अंशी साधतात. मूळ रूपाचा आग्रह व सुरक्षितता यांत विरोध आहे असा एक समज आढळतो. विंचच्या बाबतीत तो फारसा खरा नाही. ठरल्या धातूची शिअर पिन, नीट जुळविलेला वर्मरोधक व घट्ट बसविलेला बंपर ही मूळ अभिकल्पाचीच अंगे असून सुरक्षितताही त्यांवरच अवलंबून असते. आजवर घडलेली हानी बहुधा मूळ रचना सोडल्यामुळे झालेली आहे : कापलेल्या तुळया, खिळीऐवजी ठोकलेला बोल्ट, दुर्लक्षिलेला रोधक. म्हणून जीर्णोद्धार पूर्ण झाल्यावर नव्या रंगाच्या तजेल्याकडे पाहण्याआधी जाणकार निरीक्षक विंचच्या दंडाच्या सांध्यापाशी वाकून योग्य ती खीळ बसविली आहे ना, हे प्रथम पाहतो.